ज्यांच्या भाषेचा वर्ग नाही, अशी मुलं



आपल्या बडोद्यात, इंदूरला, हैदराबादेत आता जागोजागी 'इंटरनॅशनल' अशी पाटी लावलेल्या शाळा दिसतात. बालवर्गापासून बारावीपर्यंत सगळं एकाच आवारात. माहितीपत्रकात 'बहुभाषिक शिक्षण' असंही छापलेलं असतं. वेळापत्रक मागून घेतलं की कळतं, सगळे विषय इंग्रजीत, हिंदी किंवा गुजरातीचे थोडे तास आणि मोठ्या वर्गात हवं तर फ्रेंच. मराठी बहुतेक ठिकाणी नाहीच.

या नावाला खरोखर जागलेली शाळा कुठे झाली असेल, तर तिची गोष्ट आपल्यासारख्या घरांनी ऐकावी अशी आहे. म्हणून आजची ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

गोष्ट लक्झेंबर्गची आहे. दुसरं महायुद्ध संपून सात वर्षं झाली होती. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी कोळसा आणि पोलाद यांचा कारभार एकत्र करायचं ठरवलं. १९५२ च्या ऑगस्टमध्ये त्या संस्थेचं काम लक्झेंबर्ग शहरात सुरू झालं. सहा देशांतले अधिकारी, कारकून, दुभाषे बायकामुलांसकट तिथे राहायला आले. आपल्या पूर्वजांना हे नवीन नाही. सरकारी चाकरीसाठी परमुलखात जायचं, बिऱ्हाड थाटायचं, आणि मग पहिला प्रश्न, पोरांच्या शाळेचं काय?

लक्झेंबर्गच्या शाळांत जर्मन आणि फ्रेंच चाले. इटालियन आणि डच घरांतल्या मुलांचं काय करायचं? मुलं नव्या भाषेत शिकतीलही, पण चार-पाच वर्षांनी बदली होऊन मायदेशी गेली तर तिथल्या वर्गात परकी ठरायची. शेवटी पालकांनीच एक संघ केला. त्यात पुढाकार होता आल्बेर व्हान हुट या बेल्जियन गृहस्थांचा. ते तिथल्या न्यायालयाचे प्रबंधक होते. ४ ऑक्टोबर १९५३ रोजी शाळा उघडली. पुढे सहाही सरकारांनी ती आपली मानली. १२ एप्रिल १९५७ ला करार झाला, आणि १९५९ मध्ये तिथली पहिली मुलं शालान्त परीक्षेला बसली. ती परीक्षा सहाही देशांतल्या विद्यापीठांना मान्य होती. या शाळांना 'युरोपियन स्कूल' म्हणतात. ब्रुसेल्स, इटलीतलं वारेसे, जर्मनीतलं कार्ल्सरूअ अशा गावी पुढे तशाच शाळा निघाल्या.

शाळेची मांडणी बघण्यासारखी आहे. दोन वर्षं बालवर्ग, पाच वर्षं प्राथमिक, सात वर्षं माध्यमिक. एकाच इमारतीत वेगवेगळे भाषा-विभाग. इटालियन मूल इटालियन विभागात, डच मूल डच विभागात. अक्षरओळख, गणित, निसर्ग, सगळं आपापल्या भाषेत. शिकवायला शिक्षक त्या त्या देशाचं सरकार पाठवी. त्याच वेळी प्राथमिक पहिलीपासूनच दुसरी भाषा सुरू. ती आधी फ्रेंच किंवा जर्मन असे, पुढे इंग्रजीही आली. खेळ, संगीत, चित्रकला यांना विभागांच्या भिंती नव्हत्या. प्राथमिकच्या वरच्या वर्गांत 'युरोपियन तास' असे, तेव्हा सगळ्या भाषांची मुलं मिसळून बसत, काहीतरी हाताने करत, शिजवत, खेळत.

खरी गंमत माध्यमिकमध्ये. तिसऱ्या वर्षापासून इतिहास आणि भूगोल मातृभाषेत शिकवायचे नाहीत, दुसऱ्या भाषेत शिकवायचे, अशी पद्धत पडली. म्हणजे दुसरी भाषा जर्मन घेतलेलं फ्रेंच मूल इतिहास शिकणार जर्मनमधून, बहुधा जर्मन मास्तरांकडून. जर्मन मूल शिकणार फ्रेंचमधून. ज्यांचे बाप आणि काका नुकतेच एकमेकांवर बंदुका रोखून होते, त्यांची मुलं नेपोलियन आणि बिस्मार्क समोरच्याच्या भाषेत वाचत होती. एवढा एक नियम सोडून त्या शाळेचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

पण नीट बघा, हे धाडस त्यांना का जमलं. मूल त्या वयाला पोचेपर्यंत त्याची स्वतःची भाषा पक्की झालेली असे. लिहिता येई, वाचता येई, भांडता येई. पायाचा दगड घट्ट बसल्यावरच वर मजला चढवला. आणि मजला चढला म्हणून पायाचा दगड काढून घेतला नाही. मातृभाषा शालान्त परीक्षेपर्यंत पहिली भाषा म्हणून कायम राही.

आता आपल्या कामाची गोष्ट. संघटनेत देश वाढत गेले, भाषा वाढल्या. प्रत्येक गावच्या शाळेत प्रत्येक भाषेचा विभाग काढणं शक्य नव्हतं. मग अशा मुलांसाठी वेगळी तरतूद झाली. त्यांचं सरकारी नावच आहे 'भाषा-विभाग नसलेले विद्यार्थी'. एखाद्या शाळेत स्लोव्हेनियन विभाग नसेल, तर ते मूल इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन विभागात बसतं. पण त्याचा पहिल्या भाषेचा तास चुकत नाही. इतर मुलं विभागाची भाषा पहिली म्हणून शिकतात, तेव्हा हे उठून आपल्या भाषेच्या बाईंकडे जातं. त्या तासाला तीन मुलं असतील, वेगवेगळ्या वयाची असतील, पण तास वेळापत्रकात असतो आणि त्याचे गुण धरले जातात.

हे वाचलं तेव्हा वाटलं, अरे, हे तर आपलंच नाव आहे. भाषा-विभाग नसलेले विद्यार्थी!

आपल्या लोकांनी अनेक भाषांत शिकायची भीती कधी बाळगलीच नाही. कवळाण्याहून बडोद्याला आणलेला गोपाळ १८७५ साली दत्तक जाऊन सयाजीराव झाला, तेव्हा त्याला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा शिकवल्या. त्याच महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. राज्यकर्ते मराठी, रयत गुजराती. श्रीसयाजी साहित्यमालेत दोन्ही भाषांत पुस्तकं निघाली. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात सुरू झालं. तिथली आपली मुलं घरी मराठी, शेजारी तेलुगू आणि वर्गात उर्दू अशी वाढली. आणि त्याच शहरात त्याआधीच, १९०७ मध्ये, विवेकवर्धिनी निघाली होती. गोव्यात घरी कोकणी, देवळाच्या ओसरीवर मराठी शाळा आणि पणजीच्या लायसियममध्ये पोर्तुगीज, असे तिहेरी शिकलेले आजोबा अनेकांनी पाहिले आहेत. बेळगावच्या मराठी शाळेतलं पोर आजही मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा चार लिखाणांतून जातं.

या सगळ्यांत मराठी वाचता येणं गृहीत होतं. आमच्या बडोद्याच्या घरात आजोबा हिशेब गुजरातीत ठेवत, अर्ज इंग्रजीत करत आणि पत्रं मराठीत लिहीत. आज चौथी पिढी मराठी समजते, थोडी बोलते, पण ती पत्रं तिला वाचता येत नाहीत. मोडी नव्हे हो, साधी बाळबोध अक्षरं! हिंदीमुळे अक्षरं ओळखीची आहेत, शब्द मात्र परके झाले.

आपल्याकडे कायदा नव्हता असं नाही. १९४९ मध्ये शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं की, राज्यभाषेपेक्षा वेगळी मातृभाषा असलेली मुलं शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा असतील, तर त्यांच्यासाठी प्राथमिक स्तरावर निदान एक शिक्षक नेमावा. १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा, असं ते सांगतं. म्हणजे कल्पना लक्झेंबर्गइतकीच जुनी, त्याहूनही जुनी. फरक असा, की तिथे ती वेळापत्रकात उतरली, इथे बऱ्याच ठिकाणी फायलीत राहिली. आणि खाजगी इंटरनॅशनल शाळेला दहा-चाळीसचा हिशेब विचारणारं कोणी नाही.

त्या शाळांची भलामण करून थांबणं बरोबर नाही. त्या मुळात अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी निघाल्या, खर्चिक आहेत, आणि थोड्यांसाठी एवढा सरकारी पैसा का, अशी टीका त्यांच्यावर होते. शिवाय पहिल्या भाषेचा हा मान सदस्य देशांच्या अधिकृत भाषांनाच. घरी तुर्की किंवा अरबी बोलणाऱ्या मुलाला तो तास मिळत नाही. आपलं एखादं मराठी पोर ब्रुसेल्सला गेलं तर त्यालाही नाही. रांग तिथेही आहे.

तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे आणि तिला खर्च नाही. त्या शाळेत मूल दाखल होताना त्याची पहिली भाषा कोणती हे नीट ठरवतात, शंका असली तर मुलाची परीक्षा घेतात. पुढची सगळी वर्षं त्या एका नोंदीवर उभी असतात. आपल्याकडेही प्रवेश-अर्जात मातृभाषेचा रकाना असतो. तिथे आपण काय लिहितो? आमच्या नात्यातच पाहिलंय, सोयीसाठी कोणी गुजराती लिहितं, कोणी हिंदी, कोणी सरळ इंग्रजी. मग दहा मुलं मोजायची कशी? आहेत ती दिसतच नाहीत.

यंदा ज्यांच्या घरात प्रवेश आहेत त्यांनी त्या रकान्यात 'मराठी' लिहा. त्याच वर्गात आणखी कोणी लिहिलंय का ते विचारा. पाच-सात घरं निघाली तर शनिवारी एक तास कोणाच्या तरी ओसरीवर, नाहीतर फ्लॅटच्या हॉलमध्ये बसवता येईल. लक्झेंबर्गलाही सुरुवात पालकांनीच केली होती, सरकारं मागून आली.

आणि तुमच्या गावची मराठी शाळा कुठल्या पेठेत होती, कोणत्या सालापर्यंत चालली, तिथे आणखी कोणत्या भाषा शिकवत, हे खाली जरूर लिहा. ज्यांना आठवतंय ते आहेत, तोवर हे लिहून काढलं पाहिजे.