स्फटिकांतली पोकळी: पाणी शुद्ध करू पाहणारे एरोजेल

थर्मोकोलचा तुकडा हातात घेतला, की त्याच्या हलकेपणाचे नवल वाटते. ज्या पॉलिस्टायरिनपासून तो बनतो, त्याच्याच एका शिस्तबद्ध भावंडापासून त्याहून विलक्षण पदार्थ तयार करण्यात शास्त्रज्ञांना यश आले आहे. त्याचे नाव सच्छिद्र स्फटिकी एरोजेल. पाण्यात अत्यल्प प्रमाणात मिसळलेली विषारी कार्बनी रसायने टिपून घेण्याची क्षमता हे त्याचे वैशिष्ट्य होय.

एरोजेल म्हणजे द्रव काढून घेतलेले, पण आकार न गमावलेले जेल. जेलमध्ये घन पदार्थाचे नाजूक जाळे असते आणि त्याच्या पोकळ्यांत द्रव अडकलेला असतो. हे जेल उघड्यावर वाळवले, तर आटत जाणाऱ्या द्रवाच्या पृष्ठताणामुळे जाळे ओढले जाते आणि कोसळते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ सॅम्युएल किस्टलर यांनी १९३१ मध्ये यावर तोड काढली. ठरावीक तापमान आणि दाब यांच्या पलीकडे, म्हणजे क्रांतिक बिंदूच्या पुढे, द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. सीमा नाही म्हणून पृष्ठताणही नाही. त्या अवस्थेत द्रव काढून घेतल्यास जाळे जसेच्या तसे राहते. सिलिकाची एरोजेल अशीच बनतात, मात्र ती ठिसूळ असतात.

बहुवारिकांच्या, म्हणजेच पॉलिमरच्या एरोजेलची कथा येथून पुढे वेगळी होते. नेहमीच्या पॉलिस्टायरिनमध्ये साखळीवरील बेंझिनची कडी कशाही दिशांना विखुरलेली असतात. त्यामुळे त्याचे स्फटिक बनत नाहीत. जपानमधील इदेमित्सु कोसान या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये ही कडी आलटून पालटून विरुद्ध बाजूंना असलेले पॉलिस्टायरिन तयार केले. सिंडिओटॅक्टिक पॉलिस्टायरिन नावाने ओळखला जाणारा हा पदार्थ स्फटिकरूप धारण करतो आणि सुमारे २७० अंश सेल्सिअसला वितळतो.

क्लोरोफॉर्म किंवा टोल्युइनसारख्या द्रावकात हे बहुवारिक बंद नळीत तापवून विरघळवले आणि द्रावण थंड होऊ दिले, की त्याचे जेल बनते. साखळ्या ठिकठिकाणी एकत्र येऊन बारीक स्फटिक बनतात आणि हे स्फटिकच जाळ्याच्या गाठी ठरतात. विशेष म्हणजे स्फटिक घडताना द्रावकाचे रेणूही पाहुण्यासारखे आत सामावले जातात. द्रावकाचा रेणू फार मोठा असेल, तर त्याला आत जागा मिळत नाही आणि जाळे पोकळ्या नसलेल्या दुसऱ्या प्रकारच्या स्फटिकांचे बनते. द्रावकाची निवड म्हणूनच निर्णायक असते.

पुढची पायरी वाळवण्याची. येथे कार्बन डायऑक्साइड उपयोगी पडतो. ३१ अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पट दाब ओलांडला, की तो क्रांतिक बिंदूच्या पुढे जातो. या अवस्थेतील कार्बन डायऑक्साइड जेलमधून सोडला असता तो जाळ्यातील द्रावक तर काढून नेतोच. पण स्फटिकांत बसलेल्या पाहुण्या रेणूंनाही बाहेर काढतो. पाहुणे गेले तरी त्यांच्या जागा मोकळ्या राहतात. साखळीच्या दर चार एककांमागे अशी एक पोकळी उरते. स्फटिक सहसा अस्फटिकी रूपापेक्षा घन असतात. येथे उलट घडते. पोकळ स्फटिकांची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ०.९८ ग्रॅम, तर अस्फटिकी पॉलिस्टायरिनची १.०५ ग्रॅम भरते.

इटलीतील सालेर्नो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००५ मध्ये अशा एरोजेलची माहिती प्रसिद्ध केली. जेलमध्ये बहुवारिकाचा वाटा १० टक्के असेल, तर एरोजेलचा सुमारे ९० टक्के भाग पोकळच राहतो.

या पदार्थात दोन प्रकारच्या पोकळ्या असतात आणि दोहोंची कामे वेगळी. जाळ्यातील मोठी छिद्रे पाण्याला व वाफेला झटपट आत येऊ देतात. स्फटिकांतील रेणूएवढ्या पोकळ्या नेमक्या आकाराचे रेणू पकडून ठेवतात. त्याच बहुवारिकाच्या पातळ पापुद्र्यातही स्फटिकी पोकळ्या असतात, पण रेणूंना तेथवर पोहोचायला फार वेळ लागतो. पीव्हीसीच्या निर्मितीत वापरले जाणारे डायक्लोरोइथेन भूजलात झिरपते, तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरतो. पिण्याच्या पाण्यात १,२-डायक्लोरोइथेनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरमागे अवघी ३० मायक्रोग्रॅम आहे. इतक्या विरळ प्रमाणातील द्रव्य शोषण्यासाठी केवळ मोठी छिद्रे पुरेशी नसतात.

अर्थात मर्यादाही आहेत. शंभर अंशांच्या बऱ्याच पुढे तापवल्यास स्फटिकांची रचना बदलून पोकळ्या नाहीशा होतात. शिवाय उच्च दाबाची पात्रे खर्चिक असतात आणि जेलसाठी लागणारी द्रावके स्वतःच विषारी असतात. पाणी शुद्ध करणाऱ्या पदार्थाच्या निर्मितीतच पाणी दूषित होऊ नये, यासाठी ती द्रावके थेंब न् थेंब परत मिळवणे, ही या तंत्राची खरी कसोटी आहे.