मरुभूमीतील मोटारहोम-प्रवास : नियोजनाचे विवेचन

१. संज्ञानिश्चय

या विवेचनात चार संज्ञा वारंवार येतील; त्यांचे अर्थ प्रथम निश्चित केले पाहिजेत.

‘मरुभूमी’ म्हणजे केवळ वाळूचा प्रदेश नव्हे. जेथे पडणाऱ्या पावसापेक्षा कितीतरी अधिक पाणी उडवून नेण्याची शक्ती ऊन आणि वारा यांच्या ठायी असते, तो प्रदेश मरुभूमी होय. ‘राष्ट्रीय उद्यान’ ही संज्ञा येथे अमेरिकेतील नॅशनल पार्क सर्व्हिसच्या उद्यानांपुरती घेतली आहे. ‘मोटारहोम’ म्हणजे इंजिन, शय्या, स्वयंपाकघर आणि शौचालय एकाच सांगाड्यावर असलेले वाहन. गाडीमागे जोडून ओढावयाचे ट्रेलर या व्याख्येबाहेर राहतात. ‘नियोजन’ म्हणजे प्रवासाच्या मर्यादांची पूर्वगणना.

शेवटची व्याख्या संपूर्ण विवेचनाचा आधार आहे. नियोजन म्हणजे स्थळांची निवड, असा सर्वसाधारण समज आहे. शहराशहरांच्या प्रवासात तो चालून जातो, कारण तेथे पाणी, वीज, इंधन आणि सावली पावलोपावली मिळतात. मरुभूमीत या चारही गोष्टी विरळ असतात. म्हणून तेथे मर्यादा आधी मोजाव्या लागतात आणि स्थळांची यादी त्या मोजणीतून शेवटी निष्पन्न होते.

मर्यादा तीन प्रकारच्या आहेत : (१) निसर्गाच्या, म्हणजे उष्णता, उंची व पूर, (२) वाहनाच्या, म्हणजे टाक्या, वजन व लांबी, (३) व्यवस्थेच्या, म्हणजे नियम, वेळा व आरक्षण. या तिन्ही परस्परांत गुंतलेल्या आहेत. तो गुंता उलगडणे हाच पुढील विवेचनाचा विषय आहे.

२. प्रदेशाचे प्रकार

उत्तर अमेरिकेतील मरुभूमीचे चार प्रकार मानले जातात.

पहिला, ग्रेट बेसिन. ही शीत मरुभूमी असून येथील वर्षावाचा मोठा भाग हिमरूपाने पडतो. नेवाडातील ग्रेट बेसिन उद्यान (१९८६) या प्रकारात येते. दुसरा, मोहावी. येथे पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो. डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री ही दोन उद्याने या प्रकारातली. दोघांनाही राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९९४ साली मिळाला. तिसरा, सोनोरन. येथे हिवाळा व उन्हाळा असे दोन पर्जन्यकाल असतात; अ‍ॅरिझोनातील सग्वारो उद्यान त्याचे उदाहरण आहे. चौथा, चिवावन. येथे पाऊस बहुतांशी उन्हाळ्यातला असतो. टेक्सासमधील बिग बेंड आणि न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स ही त्यातील उद्याने होत. युटातील झायन, आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ही उद्याने कोलोरॅडो पठारावर आहेत. ती या चारांत काटेकोरपणे बसत नसली, तरी प्रवासाच्या दृष्टीने त्यांना हेच नियम लागू पडतात.

हे वर्गीकरण केवळ माहितीसाठी दिलेले नाही. जानेवारीत डेथ व्हॅलीच्या तळाशी दिवसाचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्याच महिन्यात ग्रेट बेसिनमध्ये वाहनातील पाण्याच्या नळ्या गोठू शकतात. एका फेरीत दोन्ही उद्याने बसवू पाहणाऱ्याला एकच सोयीचा ऋतू सहसा सापडत नाही. यावरून पहिला नियम निघतो : एका प्रवासात शक्यतो एकाच प्रकारची मरुभूमी, किंवा एकाच उंचीच्या पट्ट्यातील मरुभूमी घ्यावी.

३. वाहनाचे प्रकार

मोटारहोमचे तीन वर्ग रूढ आहेत. ‘ए’ वर्ग बससारखा, पुष्कळदा ३० फुटांहून लांब. ‘बी’ वर्ग व्हॅनच्या सांगाड्यात बसवलेला, साधारण २० फुटांचा. ‘सी’ वर्ग या दोहोंच्या मध्ये. चालकाच्या केबिनवर पुढे आलेली शय्या ही त्याची खूण. भाड्याने घेणाऱ्या कुटुंबांत हा तिसरा वर्ग अधिक प्रचलित आहे.

वर्ग कोणताही असो, वाहनात सामान्यतः तीन टाक्या असतात : स्वच्छ पाण्याची, सांडपाण्याची आणि मैल्याची. दिवे व पंप बॅटरीवर चालतात. छतावरचे वातानुकूलन यंत्र मात्र सामान्यतः मुक्कामाच्या तळावरच्या वीजजोडणीवर किंवा जनरेटरवरच चालते. हा भेद लक्षात ठेवावा. पाचव्या भागात त्याचे महत्त्व स्पष्ट होईल.

४. पाण्याची गणना

बाह्य पुरवठ्याविना वाहन जितका काळ राहू शकते, त्याला ‘स्वावलंबनकाल’ म्हणू. हा काळ टाक्यांच्या बेरजेवर ठरत नाही. जी टाकी सर्वांत आधी रिकामी होते किंवा भरते, तीच तो ठरवते.

उदाहरणादाखल स्वच्छ पाण्याची टाकी १५० लिटरची, सांडपाण्याची ११० लिटरची आणि प्रवासी चार असे धरू. पिण्याच्या पाण्यासाठी माणशी दररोज किमान एक गॅलन, म्हणजे सुमारे ४ लिटर, हे सामान्य प्रमाण आहे. चौघांचे १६ लिटर. स्वयंपाक व भांडी यांस २५, आटोपशीर स्नानास माणशी १० प्रमाणे ४०, शौचालयास १० लिटर धरल्यास दैनिक खर्च ९१ लिटर होतो. स्वच्छ टाकी दीड दिवसाच्या थोडे पुढे संपते. त्याच वेळी भांडी आणि स्नान यांचे ६५ लिटर रोज सांडपाण्याच्या टाकीत जातात. तीही पावणेदोन दिवसांत भरते.

आता स्नान सोडून ओल्या पंच्याने अंग पुसण्याची रीत पत्करली आणि त्यास माणशी २ लिटर धरले, तर दैनिक खर्च ५९ लिटरवर येतो आणि स्वच्छ टाकी अडीच दिवस पुरते. पिण्याचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये नेले, तर टाकीवरचा भार ४३ लिटर राहतो आणि ती साडेतीन दिवस पुरते. परंतु सांडपाणी अजूनही रोज ३३ लिटर जमतेच. ती टाकी सव्वातीन दिवसांच्या सुमारास भरते. अर्थात मर्यादा आता स्वच्छ पाण्याकडून सांडपाण्याकडे सरकली. यापुढे कितीही कॅन वाढवले, तरी स्वावलंबनकाल वाढत नाही. उद्यानात सांडपाणी जमिनीवर सोडण्यास मनाई असते. ते ठरावीक निचराकेंद्रावरच रिकामे करावे लागते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी येथे आपल्या स्वयंपाकाचा विचार वेगळा करावा. वरणभाताच्या जेवणात पाणी दोन वाटांनी जाते : तांदूळ-डाळ धुण्यात आणि तेलकट, खरकटी भांडी घासण्यात. पहिल्यावर उपाय म्हणजे धान्य घरीच धुऊन, वाळवून आणणे. दुसऱ्यावर उपाय म्हणजे कढई व ताटे आधी कागदाने कोरडी पुसून मगच पाण्याला लावणे आणि कुकरच्या तळाशी उरलेले गरम पाणी पहिल्या धुण्याला वापरणे. तीन दिवसांच्या मुक्कामात या दोन सवयींनी सांडपाण्याच्या टाकीला लक्षणीय अवकाश मिळतो.

पाण्याची आणखी एक बाजू वजनाची आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. भरलेली टाकी वाहनावर दीडशे किलो चढवते. वाहनाची भारक्षमता, त्यावरील माणसे व सामान आणि टायरमधील हवा यांचा मेळ निघण्यापूर्वी घातला पाहिजे. उष्ण रस्ता, अधिक भार आणि कमी हवा ही तीन कारणे एकत्र आली, की टायर फुटण्याचा संभव वाढतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. चालून तापलेल्या टायरमधील वाढलेला दाब पाहून हवा सोडू नये, कारण थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेचा ठरतो.

५. उष्णतेची गणना

डेथ व्हॅलीतील फर्नेस क्रीक येथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश तापमान नोंदले गेले. जागतिक विक्रम म्हणून हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. नियोजनाच्या दृष्टीने मात्र निर्णायक आकडा दुसराच आहे. त्याची उपपत्ती अशी.

(१) वाहनाचा सांगाडा पातळ असतो. उन्हात उभे राहिलेले वाहन आतून तापतेच. (२) ते थंड करण्यास वातानुकूलन लागते. (३) वातानुकूलनास तळावरची वीजजोडणी किंवा जनरेटर लागतो. (४) उद्यानांतील बहुतेक तळांवर वीजजोडणी नसते. जोशुआ ट्रीमध्ये ती कोठेच नाही, फर्नेस क्रीकच्या तळावर मोजक्या जागांना आहे. (५) जनरेटर ठरावीक वेळीच चालवता येतो. टेक्सस स्प्रिंग या डेथ व्हॅलीतील तळावर तो मुळीच चालवता येत नाही. (६) म्हणून रात्री वाहन बाहेरच्या हवेच्या स्वाधीन असते.

निष्कर्ष असा की दिवसाच्या कमाल तापमानापेक्षा रात्रीचे किमान तापमान पाहून महिना निवडावा. दिवसा माणूस गाडी चालवू शकतो, उंचावर जाऊ शकतो, सावली शोधू शकतो; रात्री त्याला झोपावेच लागते. जुलैत फर्नेस क्रीकचे सरासरी किमान तापमान ३० अंशांच्या वर असते, जानेवारीत ते ४-५ अंशांवर उतरते. नोव्हेंबर ते मार्च हा काळ त्या खोऱ्याला योग्य का, याचे उत्तर याच दोन आकड्यांत आहे. भाड्याने वाहन देणारे अनेक व्यावसायिक उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत वाहन नेण्यास करारानेच मनाई करतात. करारातील ते कलम आरक्षणापूर्वी वाचावे.

इंजिनाची उष्णता हा याच विषयाचा उपविभाग आहे. स्टोव्हपाइप वेल्स हे ठिकाण जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे. तेथून पश्चिमेकडचा रस्ता टाऊन पासच्या १,५११ मीटर उंचीवर चढतो. अशा चढणीवर दुपार टाळावी, वेग कमी ठेवावा आणि तापमानाचा काटा चढू लागल्यास वातानुकूलन बंद करावे. उतरणीवर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. ब्रेक सतत दाबून धरल्यास ते तापून निकामी होतात.

६. लांबीची गणना

उष्णतेपासून सुटण्याचा निसर्गदत्त मार्ग म्हणजे उंची. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. डेथ व्हॅलीतील बॅडवॉटरचा तळ समुद्रसपाटीखाली ८६ मीटर आहे, तर त्याच उद्यानातील डँटेज व्ह्यू हे स्थळ सुमारे १,६७० मीटर उंचीवर. या हिशेबाने दोहोंत अकरा अंशांच्या आसपास अंतर पडते.

परंतु डँटेज व्ह्यूच्या चढणीवर २५ फुटांहून लांब वाहनास बंदी आहे. ग्रेट बेसिनमध्ये व्हीलर शिखराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या टप्प्यावर २४ फुटांची मर्यादा आहे. बिग बेंडमध्ये चिसोस बेसिनकडे चढणाऱ्या रस्त्यावर २४ फुटांहून लांब मोटारहोम न नेण्याची सूचना आहे. तीन राज्यांतील या तीन उद्यानांत मर्यादा जवळपास एकच, आणि तीही थंड उंचीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. कारण उघड आहे : डोंगर चढणारा रस्ता अरुंद व वळणांचा असतो. यावरून दुसरा नियम निघतो : वाहनाची लांबी ही केवळ ऐसपैसपणाची बाब नाही, उष्णतेपासून दूर जाण्याची क्षमता तिच्यावर अवलंबून असते. २४ फुटांच्या आतले वाहन घेणारा थोडी जागा गमावतो आणि थंड हवेची वाट मिळवतो.

लांबीबरोबर उंची व रुंदीही मोजाव्या लागतात. झायनमधील १९३० साली पूर्ण झालेला माउंट कार्मेल बोगदा सुमारे १.८ किलोमीटर लांब आहे. ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद वाहन त्यातून न्यावयाचे, तर समोरची वाहतूक थांबवावी लागे आणि त्यासाठी शुल्क पडे. २०२६ च्या मध्यापासून अशा मोठ्या वाहनांना दुसऱ्या मार्गाने वळवण्याचा निर्णय उद्यानाने जाहीर केला. पुष्कळ मोटारहोम या मापांत बसत नाहीत. झायनहून पूर्वेकडे जाणाऱ्याने वळशाचे अंतर आरंभीच धरावे.

७. काल आणि व्यवस्था

मरुभूमीत पाऊस कमी पडतो, परंतु पडतो तेव्हा पूर येतो. उघडी, कठीण जमीन पाणी मुरवून घेत नाही; ते कोरड्या ओढ्यांतून एकदम वाहते. २० ऑगस्ट २०२३ रोजी डेथ व्हॅलीत एका दिवसात सुमारे ५६ मिलिमीटर, म्हणजे तेथील साधारण वर्षभराचा, पाऊस पडला आणि उद्यान १५ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिले. जुलै ते सप्टेंबर या काळात अशा पुराचा संभव विशेष असतो. कोरड्या ओढ्याच्या पात्रात वाहन कधीही उभे करू नये. पूर दूरच्या डोंगरावर पडलेल्या पावसानेही येतो.

व्यवस्थेच्या दृष्टीने उद्यानांचे तीन वर्ग होतात : (१) काही जागी तरी वीजजोडणी असलेली, उदाहरणार्थ डेथ व्हॅली, झायन व बिग बेंड, (२) तळ असून जोडणी नसलेली, उदाहरणार्थ जोशुआ ट्री व आर्चेस, (३) वाहनासाठी तळच नसलेली, उदाहरणार्थ सग्वारो, व्हाइट सँड्स व पेट्रिफाइड फॉरेस्ट. तिसऱ्या वर्गातील मुक्काम उद्यानाबाहेरच धरावा लागतो. दुसऱ्या वर्गातील मुक्काम स्वावलंबनकालापेक्षा लांबवू नये आणि त्याच्या पुढेमागे पहिल्या वर्गातील किंवा बाहेरच्या खाजगी तळावरची एक रात्र ठेवावी. आर्चेसच्या डेव्हिल्स गार्डनसारख्या तळांचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि लवकर संपते. जोशुआ ट्री व आर्चेसच्या हद्दीत इंधन मिळत नाही, मोबाइलचे जाळे पुष्कळ ठिकाणी नसते. म्हणून प्रवेशापूर्वी टाकी भरावी आणि कागदी नकाशा जवळ ठेवावा.

८. क्रम

वरील विवेचनातून नियोजनाच्या पाच पायऱ्या क्रमाने सिद्ध होतात. प्रथम, रात्रीच्या तापमानावरून महिना व मरुभूमीचा प्रकार ठरवावा. द्वितीय, इच्छित रस्त्यांच्या मर्यादांवरून वाहनाची लांबी ठरवावी. तृतीय, वाहनाच्या टाक्यांवरून स्वावलंबनकाल काढावा. चतुर्थ, त्या कालाच्या मापाने जोडणीचे व बिनजोडणीचे मुक्काम एकाआड एक मांडून आरक्षण करावे. पंचम, उरलेल्या दिवसांत बसतील तेवढीच स्थळे घ्यावी. क्रम उलटा केला, तर आधी ठरलेली स्थळे वाहनाला झेपत नाहीत आणि झेपवण्याच्या ओढाताणीत प्रवासाचा बराचसा वेळ पाणी, वीज व वळसे यांच्यामागे जातो.

९. उपसंहार

मर्यादांची ही गणना प्रवासाचा आनंद कोरडा करते, अशी शंका घेतली जाईल. तिचे उत्तर डेथ व्हॅलीतील एका साध्या घटनेत आहे. संध्याकाळी जनरेटरची मुदत संपते आणि तळावरचे एकेक यंत्र थांबत जाते. ज्याने महिना चुकीचा निवडला, त्याच्यासाठी तेथून उकाड्याची रात्र सुरू होते. ज्याने तो नीट निवडला, तो खुर्ची बाहेर काढून बसतो. २०१३ साली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालेले ते गडद आकाश त्याच्या माथ्यावर असते, टाकीत उद्यापुरते पाणी असते, आणि त्या रात्री मोजण्याजोगे काही उरलेले नसते. गणना आधी पुरी करावयाची, ती या निश्चिंततेसाठी.