कमरेवरचा व्रण आणि गावातली देखरेख

महाराष्ट्रात त्वचेचा कर्करोग डॉक्टरांच्या नजरेत विशेष भरला तो कमरेवर. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 साली सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर व सूर्याबाई यांनी 1945 साली ‘धोती कॅन्सर’ची नोंद प्रसिद्ध केली. धोतर, लुगडे किंवा परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी आवळली, की कातडी काळवंडते, सोलवटते, चिघळते. अशा न भरणाऱ्या जखमेतून क्वचित कर्करोग उठतो.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातले युसूफ वडगावसारखे गाव घ्या; ते तेव्हा निजामाच्या राज्यात होते. धोतर-लुगडे इथले आणि निदान मुंबईत, अशी ती तऱ्हा. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय 1970च्या दशकात उभे राहिले, तेव्हा मोठे रुग्णालय शेजारच्या तालुक्यात आले.

व्रण कापून काढला म्हणजे काम संपत नाही. हा रोग उलटला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणून दर तीन ते सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेचा वण, भोवतालची कातडी आणि जांघेतल्या गाठी चाचपून पाहाव्या लागतात. याला यंत्र लागत नाही. गावातला डॉक्टर ते करू शकतो. मात्र रुग्ण हाती सापडला पाहिजे. बीड जिल्ह्यातली असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. दवाखान्याने दिलेली तारीख फडावर कोण पाळणार?

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीने यावर उपयोगी वाट दाखवली. तेथे 1987 साली भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम तालुक्यांत कार्यकर्ते गावोगाव फिरून संशयित रुग्ण शोधत, उपचारानंतरही घरी जाऊन विचारपूस करत. रुग्णाने यावे म्हणून वाट पाहण्यापेक्षा हीच रीत ऊसतोडीच्या मुलखाला मानवणारी आहे.

हा रोग अजून सरलेला नाही. 2024 साली वर्धा व बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांचे कमरेवरचे असेच कर्करोग नोंदवले; एकीचा रोग जांघेपर्यंत पोचला होता. नाडी सैल बांधणे, तिची जागा बदलत राहणे, आणि काही आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेचा तुकडा तपासायला पाठवणे, हे उपाय कोणत्याही गावात करता येतात.