अफवा म्हणजे काय? ती पसरते कशी?

खरी की खोटी याची खात्री न करता तोंडोतोंडी फिरणारी गोष्ट म्हणजे अफवा. हा शब्द मूळ अरबी ‘अफवाह’वरून आला, त्याचा शब्दशः अर्थ ‘तोंडं’. मराठीत आवई उठणे, कंडी पिकणे, भुमका उठणे असंही म्हणतात. अफवा दरवेळी खोटीच निघते असं नाही. तिची पडताळणी झालेली नसते, हीच तिची खूण.

अफवा जोर कधी धरते?

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये दोन कारणं मांडली : विषय जिव्हाळ्याचा असणे आणि माहिती धूसर असणे. ‘मुलं पळवणारी टोळी आलीय’ या अफवेत दोन्ही असतात.

राईनपाडा, १ जुलै २०१८

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडे बाजाराच्या दिवशी याच संशयावरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे होते. त्याच वर्षी देशभर फिरलेला मूल पळवण्याचा एक व्हिडिओ तर कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेचा होता. मूळ व्हिडिओत शेवटी मूल परत सोडतात. तेवढाच भाग कापलेला होता.

आपल्या माणसाचा मेसेज

धुळ्याहून आग्रा-मुंबई रस्ता सेंधव्यामार्गे इंदूरला, पुढे विजय नगर चौकात जातो. नातीगोतीही त्याच वाटेवर पसरलेली. समजा, धुळ्याच्या मामांनी पाठवलेला मेसेज विजय नगरातल्या भाचीला आला. मामा खोटं कशाला पाठवतील, म्हणून ती तो पुढे ढकलते. पण मामांनाही तो दुसऱ्याच कुणाकडून आलेला असतो. माणसावरचा विश्वास मजकुराला चिकटतो, आणि तपासायचं राहून जातं.

काय करावं?

मेसेजमध्ये तारीख, गाव, पोलीस ठाणं आहे का बघा. पाठवणाऱ्याला विचारा, ‘तुम्ही स्वतः पाहिलं का?’ अनोळखी माणसाचा संशय आला तर ११२ वर फोन करा. हा क्रमांक महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशातही चालतो. लोकांत भीती किंवा वैर पसरवणाऱ्या अफवांसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खात्री होत नसेल, तर मेसेज आपल्यापाशीच थांबवा.