'मिसिंग' म्हणजे गैरहजर नव्हे

साताऱ्यात मी बी.एड. करत होते तेव्हा हजेरी वहीत लागायची. 'हजर' म्हणताना आवाज जरा खोल गेला तरी बाई मान वर करून बघायच्या. आता सांगलीत मी उर्दू आणि मराठी शिकवते. मुलामुलींचा गृहपाठ ऑनलाइन प्रणालीवर येतो आणि ज्याचा वेळेत येत नाही, त्याच्या नावापुढे लाल अक्षरांत 'मिसिंग' असे उमटते.

लॉकडाऊनमधली गोष्ट. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या नावापुढे ओळीने चार वेळा 'मिसिंग' आले. मी फोन करून रागावले. ती म्हणाली, "मॅडम, मी तर घरातच आहे. मिसिंग कशी?" घरात फोन एकच, तो वडिलांसोबत टेम्पोवर जायचा आणि रात्री दहाला परत यायचा. माझी मुदत संध्याकाळी पाचची. तिने चारही गृहपाठ वहीत सुबक नस्तालीक अक्षरात लिहून ठेवले होते.

लांबच्या विद्यार्थ्यापर्यंत शाळा कशी पोचवायची, हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तेव्हा आजचा बराचसा सांगली जिल्हा सातारा जिल्ह्यातच होता. खेड्यातले मूल शाळेजवळ आणायचे, हा त्यांचा मार्ग. वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहत, एका पंगतीत जेवत. स्वयंपाक, झाडलोट, शेतीकाम तीच करत. म्हणून वसतिगृह त्यांना आपले वाटे.

दुसरा मार्ग दूर ऑस्ट्रेलियात निघाला. मार्टिन डुगियामास हा मुलगा पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात वाढला. शाळा फार लांब, म्हणून धडे रेडिओवरून यायचे. मोठेपणी त्यानेच 'मूडल' ही प्रणाली तयार केली. तिची पहिली आवृत्ती ऑगस्ट 2002 मध्ये आली आणि ती सर्वांना मोफत मिळाली. मुलांनी एकमेकांशी बोलत, मिळून काही घडवत शिकावे, हा तिच्यामागचा विचार. आपल्याकडच्या बहुतेक मुलांची अशा प्रणालींशी खरी ओळख मात्र मार्च 2020 नंतर झाली, तीही सक्तीने.

म्हणूनच 'आजच्या मुलांना ऑनलाइन आवडते का?' हा प्रश्न मला अपुरा वाटतो. कॉलेज पुन्हा भरल्यावर मी वर्गाला विचारले. धडा रात्रीही ऐकता येतो, हे त्यांना आवडले होते. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या दोघी म्हणाल्या, "लिहून विचारायला भीती वाटत नाही." तक्रार एकच होती : "आम्ही पाठवतो, पण कुणी वाचते का?" मी निरुत्तर झाले. आम्ही शिक्षकांनी त्या प्रणालीचे गोदाम केले होते. पीडीएफ टाका, गृहपाठ घ्या, कुलूप लावा.

मकतबमध्ये मूल सबक म्हणून दाखवते आणि उस्ताद तो ऐकतात. ऐकणारे कुणी नसेल तर सबक पुढे सरकत नाही. कागदावर असो की पडद्यावर, हे बदललेले नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. मुदत रात्री बाराची केली आणि प्रत्येक गृहपाठाला दोन ओळींचे का होईना, उत्तर लिहू लागले. शिवाय दर आठवड्याला दोघा विद्यार्थ्यांनी उर्दू आणि मराठीत सामाईक असलेले शब्द शोधून सर्वांसाठी प्रणालीवर टाकायचे, असे ठरवले. त्या मुलीची पाळी आली तेव्हा तिने तीन शब्द टाकले : हजेरी, मुदत, तारीख. तिन्ही अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेले.

खाली तिने एक ओळ लिहिली होती : "मॅडम, आज मी हजर आहे."