मिनिटभराच्या चित्रपटाचा इतिहास

ज्या गोष्टीला आपण काल-परवाचे खूळ म्हणून हसतो, तिचे मूळ पुष्कळदा आपल्या आजोबांच्या काळापेक्षाही मागे गेलेले असते. आपल्या भिवंडीत कोणत्याही मागाच्या कारखान्यासमोर पाळी बदलण्याच्या वेळी उभे राहावे. बारा तास मागावर काढून बाहेर पडलेला विणकर चहाच्या टपरीवर बसतो, खिशातून मोबाइल काढतो आणि तो उभा धरून मिनिटभराच्या चित्रफिती पाहू लागतो. कधी तो स्वतःच अशी फीत तयार करतो. तिला कोणी रील म्हणतात, कोणी शॉर्ट म्हणतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, पोरे बिघडली. आमच्या मते हा प्रश्न इतक्या सहज निकालात काढण्यासारखा नाही.

चित्रपटाचा जन्मच मुळी मिनिटभराच्या फितीतून झाला, आणि तोही कारखान्याच्या फाटकाशी. फ्रान्समधील लियों शहरी ल्यूमिएर बंधूंचा छायाचित्रणाच्या काचा बनविण्याचा कारखाना होता. १८९५ साली त्यांनी कॅमेरा आपल्याच कारखान्याच्या फाटकासमोर लावला आणि काम सुटून बाहेर पडणारे कामगार टिपले. कॅमेऱ्यात फीत मावत असे सुमारे सतरा मीटर, म्हणून चित्र पन्नास सेकंदांच्या आतबाहेर संपे. फाटक उघडते, माणसे डावीउजवीकडे पांगतात, त्यांत पुष्कळशा स्त्रिया असतात, एखादा सायकलवाला असतो, मधूनच एक कुत्रे धावते. बस, इतकेच. परंतु या चित्राच्या तीन आवृत्त्या उपलब्ध आहेत. म्हणजे जे सहज घडल्यासारखे दिसते, ते पुन्हा पुन्हा घडवून टिपलेले आहे. आजचा तरुण एकच दृश्य चार वेळा घेतो म्हणून त्याला हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. दुसरी गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. कॅमेरा मालकाचा होता, कामगार समोरून चालत गेले, आणि त्यांना काय म्हणायचे होते हे त्या मुक्या चित्रात कोठेच नाही.

हीच चित्रे पुढच्याच वर्षी आपल्याकडे आली. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात, एक रुपया तिकिटाने, ल्यूमिएर यांचा खेळ झाला. त्या कार्यक्रमात कारखाना सुटल्याचे हे चित्रही होते. गिरण्यांच्या मुंबईत पहिल्याच दिवशी कामगार पडद्यावर आला. पण तिकीट रुपयाचे असल्यामुळे तो पाहायला कामगार फारसे आले नसतील, असे समजायला हरकत नाही.

पुढे कॅमेरा मराठी माणसाच्या हाती आला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना सावेदादा म्हणत, त्यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. १९०१ साली केंब्रिजमध्ये नाव कमावून परतलेल्या रँग्लर परांजपे यांचे स्वागतही त्यांनी टिपले. दोन्ही विषय पाहा. कुस्तीत आता कोण पडणार, ही उत्कंठा आरंभापासून लागते, आणि स्वागतात आपल्या माणसाचे कौतुक असते. आजच्या लोकप्रिय फिती तपासल्या, तर बहुतेकींत या दोहोंपैकी एक गोष्ट सापडेल.

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली एक युक्ती केली. वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी अनेक दिवस थोडी थोडी टिपली आणि पडद्यावर ते रोप क्षणात वाढवून दाखविले. ही छोटी फीत पाहूनच त्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी कर्ज मिळाले आणि ३ मे १९१३ रोजी तो चित्रपट झळकला. दिवसांचे मिनिट कसे करावे, हा धडा येथे आहे. ज्याला सुताच्या कांडीपासून घडी घातलेल्या कापडापर्यंतचा प्रवास चाळीस सेकंदांत दाखवायचा आहे, त्याचे गुरू फाळकेच.

यानंतर चित्रपट लांबले, नाट्यगृहासारखी चित्रगृहे उभी राहिली आणि चौकट आडवी राहिली. उभी चौकट आली ती मोबाइलमुळे, कारण मोबाइल एका हातात उभाच धरला जातो. २०१३ साली व्हाइन नावाच्या सेवेने सहा सेकंदांची चौकोनी फीत लोकप्रिय केली. २०१६ च्या सप्टेंबरात चीनमध्ये डोयिन सुरू झाले. त्याच महिन्यात आपल्याकडे जिओ आले आणि इंटरनेट गरिबाच्या आवाक्यात आले. डोयिनचे परदेशातील रूप म्हणजे टिकटॉक. ज्याला लिहिता येत नव्हते, तोही त्यावर बोलू, गाऊ, नाचू लागला. शेतावरची बाई, बांधकामावरचा गवंडी, मागावरचा विणकर, असे सारे पडद्यावर आले, आणि या वेळी कॅमेरा त्यांच्याच हाती होता. लियोंच्या फाटकापासून इथवर यायला सव्वाशे वर्षे लागली.

आता या कलेचे मर्म काय? आम्ही आयुष्यभर फाटकावरच्या सभा घेतल्या आहेत, म्हणून त्याच दाखल्याने सांगतो. पाळी सुटलेली असते, माणूस दमलेला असतो, त्याला घरी जायचे असते. त्याला थांबवायला वक्त्याजवळ एका वाक्याचा अवसर असतो. ‘आजच्या या मंगल प्रसंगी’ असे म्हणाल, तर तो निघून जाईल. ‘तुमच्या मीटरमागे किती पैसे कापले, ठाऊक आहे?’ असे म्हणाल, तर तो वळून पाहील. १९४४ साली अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. ही मंडळी कामगारवस्तीत जाऊन, कामगाराच्या बोलीत, त्याच्याच दुःखावर गात. पाहणाऱ्याचा अंगठा हा आजचा फाटकावरचा कामगार आहे. तो क्षणभर थांबतो, नाहीतर पुढे सरकतो.

म्हणून आमच्या संघटनेतील तरुणांना आम्ही साध्या गोष्टी सांगतो. एका फितीत एकच गोष्ट सांगा. जे सांगायचे ते पहिल्या दोन सेकंदांत दाखवा, नमस्कार नंतर करा. चौकट उभी आहे, म्हणून तिच्यात माणूस उभा करा. मागांची लांबलचक रांग तिच्यात मावत नाही, पण एक विणकर, त्याचा हात आणि धावता धोटा उत्तम मावतो. चेहऱ्यावर खिडकीचा उजेड येऊ द्या. मागाच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाहीत, तेव्हा बोलणे बाहेर येऊन करा आणि अक्षरेही लिहा. आपल्या गावात मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा चार भाषांचे लोक एका कारखान्यात राबतात, हे विसरू नका. अक्षरे अगदी तळाशी नकोत, तेथे नाव आणि बटणे येतात. चालत्या मागाजवळ एका हातात मोबाइल धरून उभे राहू नका. पट्ट्यात कपडा अडकायला क्षण पुरतो. आणि ज्याचा चेहरा दाखवाल त्याला आधी विचारा, कारण त्याचे नाव मालकाच्या वहीत आहे.

परंतु कला शिकविली म्हणजे काम संपले नाही. २९ जून २०२० रोजी सरकारने सुरक्षेचे कारण देऊन टिकटॉकसह एकोणसाठ चिनी ॲप्सवर बंदी घातली. बंदी योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नव्हे. घडले असे की, कोट्यवधी लोकांचा संग्रह एका रात्रीत त्यांच्या हातून गेला. त्याच जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणले, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतातच सुरू केली. दुकान बदलले, मालक बदलले. कारागीर तोच, आणि भाव ठरविणारा पूर्वीइतकाच अदृश्य. विणकराला मीटरवर मजुरी मिळते, पण निदान सेठच्या दारात जाऊन दर विचारता येतो. फीत कोणाला दाखवावी आणि कोणाला नाही, हे ठरविणाऱ्या यंत्राच्या दारात मोर्चा कसा न्यावा, हे आमच्या चळवळीला अजून शिकायचे आहे.

याहून गंभीर गोष्ट इतिहासाची आहे. सावेदादांच्या फिती आज उरल्या नाहीत. ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच शिल्लक आहे. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, त्यांतले फारच थोडे वाचले. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली, तोवर पुष्कळसे नष्ट झाले होते. आपल्या गावाचेच पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि कापडाचे काम भिवंडीच्या मागांकडे वळले. त्या दिवसांत येथे रात्रंदिवस राबणाऱ्या माणसाने स्वतः टिपलेले एक तरी हलते चित्र कोठे सापडते का? मे २०२० च्या आरंभी भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरला श्रमिक विशेष गाडी सुटली. तेव्हाचे रस्ते, रांगा, डोक्यावरची गाठोडी कामगारांनी आपल्या मोबाइलवर टिपली. त्या फिती आज कोणाकडे आहेत? ज्या टिकटॉकवर गेल्या, त्या दोन महिन्यांत दिसेनाशा झाल्या. जुने साधे माग भंगारात जात आहेत, त्यांच्या जागी नवे येत आहेत. मागाचा आवाज, कांडी भरणारी बाई, तुटलेला धागा जोडणारी बोटे, हे पुढच्या पिढीला कोण दाखविणार?

आमची विनंती दोघांना आहे. तरुणांनी प्रत्येक फितीची मूळ प्रत स्वतःजवळ ठेवावी, तिच्यावर तारीख, जागा आणि कोणते काम चालले आहे ते लिहावे. आणि गावातील वाचनालयांनी, जेथे आपण ही व्याख्याने ऐकतो, पुस्तकांच्या कपाटाशेजारी या फितींसाठीही एक जागा करावी. खर्च फार नाही. एक संगणक, एक साठवणीची पेटी आणि नोंदवही ठेवणारा एक माणूस पुरे. लियोंचे कामगार आज जगाला दिसतात, ते मालकाने प्रत जपली म्हणून. भिवंडीच्या कामगाराची प्रत त्याने आणि त्याच्या गावाने जपायची आहे.