घोड्याला तबेल्यात किती वेळ ठेवावं आणि चरायला किती वेळ सोडावं?

माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे, त्यामुळे तिथे पर्यटकांना घोडे फिरवतात. लग्नाच्या वरातीत, सारंगखेड्याच्या बाजारात आणि रेसकोर्सवरही घोडा दिसतो. काम संपलं की तो अनेकदा थेट तबेल्यात बांधला जातो. त्याला विश्रांती मिळाली, असं आपल्याला वाटतं. पण तासन्‌तास एकाच जागी उभं राहणं घोड्याच्या शरीराला मानवत नाही.

बांधून ठेवल्यावर काय होतं?

मोकळा घोडा दिवसातले १० ते १६ तास थोडं थोडं चरत असतो. त्याच्या जठरात आम्ल सतत तयार होतं, पण ते सौम्य करणारी लाळ फक्त चावतानाच सुटते. दोन वेळा दाणा दिला आणि मधल्या वेळेत वैरण नसली, तर जठरात व्रण होऊ शकतात. चालणं कमी झालं की आतड्यांची हालचाल मंदावते आणि पोटशूळाचा धोका वाढतो. घोड्याला उलटी करता येत नाही. त्यामुळे साधी वाटणारी पोटदुखी जिवावर बेतू शकते.

लाकूड चावणं किंवा उभ्या जागी सतत डुलणं याला लोक ‘खोड’ म्हणतात. बऱ्याचदा ते कोंडून ठेवल्याचं लक्षण असतं. शिवाय बंद तबेल्यातली धूळ आणि मुताचा उग्र वास फुप्फुसांना त्रासदायक ठरतो.

मग दिवसभर मोकळंच सोडावं का?

तसंही नाही. कोवळ्या, लुसलुशीत गवतात साखर जास्त असू शकते. सवय नसलेल्या घोड्याने ते एकदम भरपूर खाल्लं, तर खुरांच्या आत सूज येऊन तो लंगडा होऊ शकतो. पावसाळ्यात चिखलामुळे खूर सडतात. चावणाऱ्या गोमाश्यांमुळे ‘सर्रा’ हा आजार पसरतो. भर उन्हात, मुसळधार पावसात किंवा घोडा जखमी असताना तबेलाच बरा.

तोल कसा साधायचा?

- सुरुवातीला २०-३० मिनिटं सोडा. दोन-तीन आठवड्यांत वेळ हळूहळू वाढवा.
- कुरणात सोडण्याआधी थोडी सुकी वैरण द्या, म्हणजे तो उपाशीपोटी हिरव्या गवतावर तुटून पडणार नाही.
- उन्हाळ्यात पहाटे किंवा संध्याकाळी सोडा. पाणी आणि सावली हवीच.
- कुरण नसेल तर मोकळं आवार चालेल. तिथे वैरण टाका आणि शक्यतो सोबतीला दुसरा घोडा ठेवा.
- ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण ६ ते ८ किलो सुकी वैरण लागते. ती तीन-चार वेळा विभागून द्या.

स्वारी किंवा ओझं वाहणं म्हणजे मोकळीक नव्हे. कामावर घोडा माणसाच्या मर्जीने चालतो, माळावर स्वतःच्या. त्याला रोज काही तास तरी असे मिळायला हवेत.

घोडा सारखा पोटाकडे वळून पाहत असेल, लोळत असेल किंवा लीद टाकत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच पशुवैद्यांना बोलवा.